बेतलेलं मूल

क्लोनिंगवर कुठंही व्याख्यान असो, प्रश्नोत्तरं सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे हुबेहूब माझ्यासारखा दुसरा मी तयार होईल का हो?" सभागृह हसतं, वक्ताही हसतो आणि उरलेला वेळ त्या 'दुसऱ्या मी'वर खर्ची पडतो. डॉली मेंढीला जन्मून तीस वर्षं होत आली, तरी आपण तिथंच घुटमळतोय. माझ्या मते माणसाची जनुकीय प्रत निघाली तर 'मी'चं काय होईल याची चिंता फारशी करायला नको. चिंता करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. एखादं मूल आधीच ठरलेल्या कामासाठी बेतून जन्माला घालायचं आणि ते त्याच कामात सुख मानेल अशी तजवीजही करून ठेवायची, ही ती गोष्ट. जाणत्या विज्ञानकथाकारांनी हे केव्हाच ओळखलं होतं. चॅनेलवर चर्चा झडतात त्या मात्र अजून प्रतीच्याच, आणि आपण आईबाप बेतण्याच्या बाबतीत बरेच पुढं निघून गेलोय.

आधी प्रतीचं बघू, ते लवकर निकालात निघतं. स्कॉटलंडमधल्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ५ जुलै १९९६ रोजी डॉली जन्मली. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतली पेशी घेतली, दुसऱ्या मेंढीच्या अंड्यातलं केंद्रक काढून टाकलं, त्या अंड्याशी ही पेशी जोडली आणि तयार झालेला भ्रूण तिसऱ्या मेंढीच्या गर्भाशयात वाढवला. अशी २७७ अंडी खर्ची पडली तेव्हा कुठं एक कोकरू हाती लागलं. तेही शंभर टक्के प्रत नव्हतंच. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा थोडा डीएनए असतो, तो अंडं देणाऱ्या मेंढीकडून आला होता. पुढं २००१च्या डिसेंबरात अमेरिकेत टेक्सासमध्ये पहिलं क्लोन मांजर जन्मलं. मूळ मांजरी तिरंगी होती: काळी, नारिंगी, पांढरी. पिल्लाच्या अंगावर नारिंगीचा ठिपकाही नव्हता. मांजरांत काळा की नारिंगी हे एक्स गुणसूत्रावर ठरतं. मादीत दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एक बंद पडतो, कुठला ते केवळ योगायोगानं. ज्या पेशीपासून हे पिल्लू केलं तिच्यात नारिंगीवाला एक्स बंद होता. मेलेलं लाडकं मांजर जसंच्या तसं परत मिळेल, या आशेवर धंदा उभा करू पाहणाऱ्यांना पहिल्याच मांजरानं असं तोंडघशी पाडलं.

माणसांत तर निसर्गानं केलेले क्लोन पूर्वापार आहेत. एकाच बीजापासूनची जुळी आधार केंद्रात गेली तर यंत्र गोंधळत नाही, दोघांना दोन आधार क्रमांक मिळतात. बोटांच्या ठशांचा ढोबळ घाट वंशातून येतो, पण बारीक रेघा गर्भात कुणाचं बोट कशाला कसं टेकलं, त्या आठवड्यांत भोवती काय चाललं होतं, अशा गोष्टींवर ठरतात. ही ठशांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि कोकणी माणसाला तर हे सांगायलाच नको. हापूसचा बाठा रुजवून हापूस मिळत नाही, रायवळ उगवतो. म्हणून सगळा हापूस कलमाचा, म्हणजे कुठल्यातरी जुन्या झाडाचा क्लोन. तेच कलम कर्नाटकात नेऊन लावलं की फळ वेगळं लागतं. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पेटी उघडून देठाशी वास घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तो फरक शिकवावा लागत नाही, व्यापाऱ्यानं गंडवलं नाही म्हणजे झालं. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाला. नुसत्या कलमावर हापूस ठरत नाही हे सरकारदरबारी मान्य झालं. माणसाच्या बाबतीत मात्र आपण अजून कलमालाच सगळं श्रेय देतो.

गंमत म्हणजे विज्ञानकथेतल्या खलनायकांना हे पक्कं ठाऊक असतं. आयरा लेविनची 'द बॉइज फ्रॉम ब्राझील' ही १९७६ सालची कादंबरी घ्या. नाझी डॉक्टर मेंगेले हिटलरचे ९४ क्लोन जन्माला घालतो, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. कादंबरीतलं रहस्य मात्र दुसऱ्याच गोष्टीभोवती आहे. निरनिराळ्या देशांत पासष्टीच्या आसपासचे साधे सरकारी नोकर एकापाठोपाठ एक मारायचा कट शिजलाय, आणि का ते कुणालाच उमगत नाही. उलगडा होतो तो असा: हिटलरचा बाप सरकारी नोकर होता, बायकोपेक्षा वयानं पुष्कळ मोठा होता आणि पोरगा लहान असतानाच वारला. म्हणून मेंगेलेनं ही पोरं हुडकून हुडकून तसल्याच जोडप्यांना दत्तक दिलीत, आणि आता ठरल्या वेळी बाप मेला पाहिजे म्हणून मारेकरी धाडलेत. वंशशुद्धीवर ज्यानं उभं आयुष्य उधळलं, त्याचाच वंशावर भरवसा नाही! त्याला बालपणही बनवून घ्यावं लागतं, पोरकेपणासकट.

सी. जे. चेरी या अमेरिकन लेखिकेनं १९८८ साली 'साइटीन' या कादंबरीत हाच धागा आणखी ताणला. कादंबरी जाडजूड आहे आणि पहिली शंभर पानं अंत पाहतात, हे आधीच सांगून ठेवतो. एका कमालीच्या बुद्धिमान, सत्ता हातात असलेल्या शास्त्रज्ञ बाईचा मृत्यू होतो आणि तिची संस्था तिचा क्लोन वाढवायला घेते. नुसती तीच जनुकं असून भागणार नाही, हे तिथंही सगळे जाणतात. म्हणून त्या पोरीच्या बालपणातला क्षण न् क्षण मूळ बाईच्या बालपणाशी ताडून पाहिला जातो. मूळ बाईची आई लहानपणीच गेली होती. तेव्हा या पोरीला जिनं पोटच्या मुलीसारखं वाढवलं, तिलाही एके दिवशी कायमचं दूर धाडतात. वेळापत्रकात दुःखाचा तास होता, तो घेतला गेला. याच कादंबरीत 'अझी' नावाची माणसं आहेत. ती यंत्रातल्या गर्भाशयात वाढतात आणि 'टेप'वरून शिकतात. काम कसं करायचं ते टेपमध्ये असतं, आणि काम केल्याचं समाधानही टेपमध्येच असतं.

हे सगळं ज्याच्यापासून सुरू झालं तो ऑल्डस हक्स्ली, आणि त्याची १९३२ सालची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'. तिच्यात एका अंड्यापासून ९६ एकसारखी माणसं निघतात, बाटल्यांमध्ये वाढतात आणि अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत पाच थरांत विभागली जातात. ज्यांच्याकडून हमालीच करून घ्यायची, त्यांच्या बाटलीत प्राणवायू आधीच कमी सोडायचा. हे भयंकर आहेच, पण माझ्या मनातून जात नाही तो बालसंगोपन केंद्राचा प्रसंग. खाकी कपड्यातली आठ-आठ महिन्यांची डेल्टा बाळं आणून सोडतात. समोर गुलाबाची फुलं आणि रंगीत चित्रांची पुस्तकं मांडलेली असतात. बाळं हरखून रांगत तिकडं निघतात, पाकळ्यांना हात लावतात, पानं चुरगाळतात. मग कर्कश भोंगा वाजतो, आणि पाठोपाठ जमिनीतून विजेचा झटका. पुन्हा फुलं-पुस्तकं पुढं केली की बाळं किंचाळून मागं सरतात. असं दोनशेदा केलं की काम फत्ते. पुस्तक नको, कारण वाचून डोक्यात भलतंसलतं शिरायचं. फूल नको, कारण रानावनात रमणारा मजूर कारखान्याच्या काय कामाचा?

हक्स्लीनं हे हवेतून काढलं नव्हतं. जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२० साली एका तान्ह्या बाळाच्या कानामागं लोखंडी कांबीवर हातोडा हाणून त्याला पांढऱ्या उंदराची दहशत बसवून दाखवली होती. डझनभर धट्टीकट्टी मुलं माझ्या ताब्यात द्या, म्हणाल त्याला डॉक्टर करतो, म्हणाल त्याला चोर करतो, असा त्याचा दावा होता. नंतर विद्यापीठ सुटल्यावर हे गृहस्थ जाहिरात कंपनीत गेले. मला त्यात काहीच नवल वाटत नाही.

मराठी वाचकाला मात्र हक्स्ली वाचताना वेगळीच अस्वस्थता यायला हवी. जन्माआधीच ठरलेलं काम, थरांची उतरंड, वरच्याचा हेवा करायचा नाही आणि खालच्याला शिवायचं नाही ही शिकवण, आणि आपण आहोत तिथं बरे आहोत हे समाधान. एवढं घडवायला हक्स्लीला बाटल्या, रसायनं आणि भोंगे लागले. आपण ते हजारो वर्षं यातलं काहीही न वापरता केलं. शूद्राच्या कानी अक्षर पडता कामा नये हा नियम आणि डेल्टा बाळाला बसणारा पुस्तकाचा झटका, दोन्हींचं काम एकच. याच पुण्यात १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. फुल्यांच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्म कुठला, असं ती थेट देवालाच विचारते. पेशवाईत तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू होई, हेही तिनंच लिहून ठेवलंय. मघाशी आंब्याच्या पेट्यांसाठी नाव घेतलं तीच ही गुलटेकडी. कित्येक पिढ्यांची घडण एका शाळेतल्या थोड्याशा वर्षांत उसवली, आणि उसवल्यावर पहिली गोष्ट काय झाली, तर पोरीनं प्रश्न विचारला.

इथं कुणी म्हणेल, अहो, मग संस्कार ते काय वेगळे? तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणायला लावणं, पाढे घोकून घेणं, मराठीत बोलायला शिकवणं, यातलं काय मुलाला विचारून केलं? आक्षेप खरा आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. घडवल्याशिवाय मूल माणूस होत नाही, आणि कुणी न घडवलेलं, अगदी कोरं, स्वयंभू असं मूल कुठं नसतंच. म्हणून 'कंडिशनिंग वाईट, स्वातंत्र्य चांगलं' एवढ्या ढोबळ वाटणीनं काही हाती लागत नाही. मी एकच कसोटी लावतो. घडवणाऱ्यानं आपल्याच शिकवणीविरुद्ध जाण्याची वाट मोकळी ठेवलीय की मुद्दाम बुजवलीय? शुभंकरोती म्हणत वाढलेली किती तरी मुलं पुढं पक्की नास्तिक निघाली, आणि शुभंकरोतीत त्यांना अडवणारं काही नव्हतं. हक्स्लीचा एप्सिलॉन एप्सिलॉनपण नाकारू शकत नाही. नाकारायची इच्छाच होणार नाही इतक्या खोलवर त्याला घडवलेलं असतं. तो सुखी आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालता येत नाही.

आपल्याकडे या कसोटीवर उतरणारा एकजण आहे, पण त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. कौरव म्हणजे प्राचीन काळचे क्लोन, हे आता व्हॉट्सॲपवर रोज येतं. २०१९ साली जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरवांचा जन्म स्टेम सेल आणि टेस्ट ट्यूबच्या तंत्रानं झाल्याचं भर व्यासपीठावरून सांगितलं होतं. विज्ञान म्हणून हे थोतांड आहे. पण कथा म्हणून घटकाभर धरून चालू. मांसाचा एकच गोळा, त्याचे तुकडे, तुपानं भरलेले शंभर कुंभ, एकच राजवाडा, तोच आंधळा बाप आणि तोच शकुनीमामा. आणि द्यूतसभेत भीष्म-द्रोण माना खाली घालून बसलेले असताना, द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही असं उठून बोलतो कोण? त्याच शंभरातला विकर्ण. कर्ण त्याला पोरसवदा म्हणून दटावून गप्प करतो. पुढं हाच विकर्ण युद्धात कौरवांकडूनच लढतो आणि भीमाच्या हातून मरतो. म्हणजे घडणीनं त्याला शेवटी परत ओढून नेलंच. तरीही त्या सभेत त्याचं उठणं घडलं, आणि ते ना गोळ्यात होतं ना कुंभात.

काझुओ इशिगुरोच्या 'नेव्हर लेट मी गो' या २००५ सालच्या कादंबरीत असा विकर्ण नाही. तिथली मुलं अवयवदानासाठीच जन्माला घातलेले क्लोन आहेत. हेलशम नावाच्या, वरवर पाहता उत्तम अशा निवासी शाळेत ती वाढतात, चित्रं काढतात, कविता करतात, एकमेकांवर जीव लावतात. पुढं आपलं काय होणार हे त्यांना थोडं थोडं, कळेल-न कळेल अशा बेतानं आधीपासून सांगितलेलं असतं, त्यामुळं धक्का असा कधी बसतच नाही. मोठी झाल्यावर ती मोटार चालवतात, इंग्लंडभर एकटी फिरतात. कुठं कुंपण नाही, पहारा नाही. वाचकाला पानापानावर ओरडावंसं वाटतं, अरे पळा ना! कुणीच पळत नाही. कुणी फार तर अर्ज करावा म्हणतं, की दोन-तीन वर्षं मुदत वाढवून मिळेल का. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन उभं राहण्यात ज्यांची हयात गेली त्यांना हे चांगलं कळेल. आणि त्या शाळेतल्या बायका मुलांची चित्रं कशाला गोळा करत होत्या? या मुलांना आत्मा असतो हे जगाला पटवून द्यायला. पुरावा गोळा झाला, जगानं पाहिलाही, आणि अवयव काढून घेणं चालूच राहिलं. ओळखीचा प्रश्न सुटला तरी मूळ अन्याय जागच्या जागी राहतो, हे इतक्या शांतपणे सांगितलेलं मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

मराठी विज्ञानकथेला या बाजूनं अजून बरंच लिहायचं बाकी आहे असं मला वाटतं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. गोष्ट नावाच्या वजनावर नव्हे, स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून. तिथून पुढं अवकाश, काळ, विषाणू, यंत्रमानव सगळं मराठीत आलं आणि दमदार आलं. पण मूल कशासाठी जन्माला घालायचं आणि कसं घडवायचं, हा प्रश्न केंद्रस्थानी असलेल्या गोष्टी माझ्या वाचनात कमीच आल्या. खरं तर त्यासाठी दूरच्या ग्रहावर जायची गरज नाही. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीचा जिना चढला तरी चालेल.

ओळखीतल्या एका घरी मी असा एक अहवाल चाळला आहे. सात वर्षांच्या मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन केलेला, गुळगुळीत कागदाचा, रंगीत तक्त्यांनी भरलेला. मेंदूची डावी बाजू इतके टक्के, उजवी इतके. गणिती बुद्धी इतकी, संगीताची इतकी. स्वभाव कुठला तर गरुड, मोर, कबूतर आणि घुबड या चौघांतलं घुबड. शेवटच्या पानांवर त्यानं काय व्हावं याची यादी. या उद्योगाला डीएमआयटी म्हणतात, कित्येक शाळा आपल्या आवारातच त्याची शिबिरं भरवू देतात आणि पालक हजारो रुपये मोजतात. याला शास्त्रीय आधार काडीचा नाही. वर ठशांचं लक्षात ठेवा म्हटलं ते याचसाठी. अंगोपांगी सारख्या असलेल्या जुळ्यांतसुद्धा ज्या रेघा जुळत नाहीत, त्याच रेघांवरून मुलाची 'उपजत' बुद्धी वाचली जाते. वंशावर विश्वास ठेवायचा तर निदान नीट तरी ठेवा!

पत्रिका काढून देणाऱ्यांची जागा आता ठसेवाल्यांनी घेतलीय, उद्या जनुकांचे नकाशे काढणारे घेतील. पत्रिकेची परीक्षा याच शहरातल्या लोकांनी एकदा घेऊन झाली आहे. २००८ साली नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांची उत्तरं आली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर याहून चार टक्के जास्त आली असती. ज्या पालकांनी हे पेपरात वाचून मान डोलावली, त्यांच्यातलेच काही आज मुलाची बोटं शाईत बुडवायला रांगेत असतील. गर्भसंस्काराच्या वर्गात अभिमन्यूचा दाखला हटकून देतात. तो सोळाव्या वर्षी अर्धवट शिकवणीपायी मारला गेला, हे तिथं कुणी काढत नाही. आईला चार घटका संगीत ऐकून बरं वाटत असेल तर माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती जन्माला येण्याआधीच मुलाच्या नावावर निकाल लावायला सुरुवात होते, त्याला.

पालकांची टिंगल करणं मात्र सोपं आणि थोडं हलकटपणाचं आहे. २०२४ साली 'नीट'ला २४ लाखांच्या आसपास मुलांनी नावं नोंदवली, एमबीबीएसच्या जागा लाखभर. अशा बाजारात सातव्या वर्षीच पोराचं काय ते ठरवून टाकावंसं वाटणं यात वेडेपणापेक्षा भीती जास्त आहे. आणि इंटिग्रेटेड क्लास म्हणजे हक्स्लीचं संगोपन केंद्र, असंही मी म्हणणार नाही. ते खरं नाही. आपली घडण अजून गळकी आहे. खात्री करून घ्यायची तर पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराबाहेर जाऊन उभं राहावं. १९६३पासून चाललेली ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, आणि 'आव्वाज कुणाचा' म्हणून घसा फोडणाऱ्यांत इंजिनिअरिंगची पोरं खंडीभर. अकरावी-बारावी घोटून, आईबापांचं कर्ज डोक्यावर घेऊन तिथवर पोचलेली, आणि तिसऱ्या वर्षाला सबमिशन सोडून नेपथ्याच्या फळ्या रंगवणारी. त्यातली काही पुढं नाटकात गेली, बरीचशी नाही गेली. पण गळती होती म्हणून जाता आलं. मेंगेलेच्या किंवा साइटीनच्या योजनेत हीच गळती बंद करायची असते.

आता सार्वजनिक प्रश्न. माणसाचं क्लोन मूल जन्माला घालण्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई आहे. संयुक्त राष्ट्रांनीही २००५ साली क्लोनिंगविरोधी जाहीरनामा काढला, तो बंधनकारक नाही. मनाई मला मान्य आहे, पण तिची कारणं नीट सांगावीत. पहिलं कारण धडधडीत सुरक्षेचं. २०१८ साली शांघायमध्ये माकडांचे क्लोन केल्याचं जाहीर झालं तेव्हा २१ माद्यांच्या गर्भाशयांत भ्रूण सोडून जगलेली पिल्लं दोन निघाली होती. हा हिशेब बायकांवर लावून पाहायचं धाडस कुणी करू नये. दुसरं कारण मुलाच्या बाजूचं. गेलेला मुलगा परत हवा, घराण्याचा वकूब पुढं चालावा, अवयव जुळावेत, असल्या कुठल्याही मागणीचं मूल म्हणजे उत्तर आधी लिहून घेतलेला पेपर. देवाच्या कामात ढवळाढवळ आणि 'माणसाची ओळख पुसली जाईल' ही कारणं मात्र टाकून द्यावीत, कारण ती उद्या नेमकी मुलाच्याच अंगावर येतील. कुठंतरी चोरून असं मूल जन्मलंच, तर ज्या समाजाला 'ही प्रत आहे' असं शिकवून ठेवलंय तो त्याला कसं वागवेल? कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी भारतातली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी जन्मली. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, त्यांची हेटाळणी झाली, १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुलगी चारचौघींसारखी वाढली, मोठी झाली. बंदी घालायची तर ती करण्यावर असावी, जन्मलेल्यावर तिचा डाग पडता कामा नये.

पण खरी मागणी क्लोनची येणारच नाही, भ्रूण निवडण्याची येईल. २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानं भ्रूणाची जनुकीय तपासणी फक्त आनुवंशिक आजारांपुरती ठेवली आहे. परदेशात भ्रूणांना उंची, बुद्धी असल्या गोष्टींचे अंदाजी गुण देऊन विकणं सुरू झालंय. ही सोय इथंही हवी, असा रेटा आयव्हीएफच्या बाजारातून येणार आणि 'आईबापांचं स्वातंत्र्य' या नावानं येणार. या रेट्याचं पुढं काय होतं हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या राज्यानं केला, १९८८ साली. तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागं मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. सोनोग्राफीचं यंत्र निर्दोष होतं, पण कुठलं मूल हवं हे आधीच पक्कं ठरवलेल्या समाजाच्या हाती ते पडलं. म्हणून २०२१च्या कायद्यातलं आजारांपुरतं हे बंधन सैल करायचा कुठलाही प्रयत्न आपण आधीच ओळखून हाणून पाडला पाहिजे.

एका ठिकाणी मात्र माझी कसोटी मलाच अडवते. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेल्या मुलाला अस्थिमज्जा जुळणारं भावंड मिळावं म्हणून भ्रूण निवडून मूल जन्माला घालण्याचं उदाहरण आपल्या देशात झालंय, अहमदाबादेतल्या एका कुटुंबात. २०२०मध्ये या धाकट्या बहिणीच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं, भाऊ सुधारला. हे मूल कामासाठी बेतलेलं नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणू? तरी मी त्याला विरोध करणार नाही. अस्थिमज्जा पुन्हा भरून येते, काम एकदाच होतं, आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य त्या मुलीचं राहतं. हेलशमच्या मुलांना 'त्यानंतर' नव्हतंच. पण उद्या हीच वाट मूत्रपिंडापर्यंत गेली तर? तिथं मी नाही म्हणेन. कुठल्या अवयवाशी थांबायचं हे मात्र कायद्यानं लिहून ठेवलं पाहिजे, घरातल्या रडारडीत आणि दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये ते ठरू नये.

तोवर हाताशी असलेलं एक काम आहे. शाळांनी आपल्या आवारात बोटांच्या ठशांची शिबिरं भरवू देणं बंद करावं. शिक्षण खात्याच्या एका परिपत्रकानं हे होऊ शकतं, आणि परिपत्रकाची वाट पाहत बसायचं कारणही नाही. पुढच्या पालकसभेत दोघातिघांनी उठून 'याला आधार काय?' एवढं विचारलं तरी निम्म्या शाळा शिबिर गुंडाळतील.